पश्चिमेची भिंत: घराच्या कामाच्या नोंदी

शनिवार, १३ सप्टेंबर २०२५

दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. नवी वही काढली.

काम असं: डोंबिवली पूर्वेला आमचा वन बीएचके, तिसरा मजला, इमारत १९९४ची. हॉल आणि बेडरूम रंगवायचे, पडदे आणि दिवे बदलायचे, बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीचा एकदाचा निकाल लावायचा. मुदत वसुबारस, म्हणजे १७ ऑक्टोबर. बजेट ७५ हजार, सणाची उचल धरून. मध्ये ३० सप्टेंबर आहे, सहामाही क्लोजिंग. त्याच्या आधीचा आठवडा मी घरात नाहीच असं समजून चालायचं.

भिंतीबद्दल. वरचा उजवा कोपरा, जिथे पलीकडून न्हाणीघर येऊन चिकटतं, तिथे पोपडे सुटतात. बोट लावलं की पापडासारखा रंग हातात येतो, खाली पांढरा लोणा, म्हणजे ओलीबरोबर भिंतीतून वर आलेले क्षार. बँकेत हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक. ही भिंत तीन वर्षं थकलीय आणि आम्ही दर दिवाळीला तिच्यावर नवा रंग चढवून खातं नियमित दाखवतोय. शाखेत कुणी हे केलं असतं तर मीच शेरा मारला असता.

रंगारी येऊन बघून गेला. मालासकट ४२ हजार. भिंतीकडे बघून म्हणाला, "बाहेरून पाऊस मारतो ताई. आतून वॉटरप्रूफिंगचे दोन हात देऊ, विषय संपला." गेल्या दोन वर्षीही विषय असाच संपला होता.

आईंचं (सासूबाईंचं) म्हणणं, पितृपक्षात नवं काही सुरू करायचं नाही.
"नुसती पाहणी केली तर?"
"पाहणीला कोण अडवतंय? ती तर कधीची करायला हवी होती."

रविवार, १४ सप्टेंबर

पाहणी क्रमांक १. पोपडे खरवडून भिंत पुसली, पंख्याखाली वाळवली आणि जाड प्लास्टिकचा हातभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवला. चोवीस तासांनी बघायचं. पाणी प्लास्टिकच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे खोलीकडे, धरलं तर ती खोलीतली दमट हवा. आतल्या अंगाला धरलं तर पाणी भिंतीतूनच येतंय.

सोमवार, १५ सप्टेंबर

सकाळी ७:०५. प्लास्टिकच्या आत दवासारखे थेंब, बाहेर कोरडं. भिंतीतूनच. ७:३८ची फास्ट चुकली.

बुधवार, १७ सप्टेंबर

घरासाठी आज शून्य मिनिटं. थकीत खात्यांची यादी, वसुलीचे फोन.

शनिवार, २० सप्टेंबर

तिसरा शनिवार, कामाचा. रात्री जेवताना सहज म्हटलं, पावसाळा संपल्याशिवाय भिंतीत हात घालण्यात अर्थ नाही. आई म्हणाल्या, "पावसाचा काय संबंध? एप्रिलमध्येसुद्धा ओली असते ती."

मी म्हटलं, एप्रिलमध्ये मी तरी कधी ओली पाहिली नाही. त्या म्हणाल्या, "तू रात्री बघतेस. ओल सकाळी अकरा-साडेअकराला येते, चारपर्यंत विरते."

मग उठून कालनिर्णय घेऊन आल्या. यंदाचं आणि गेल्या वर्षीचंही, कारण दुधाचा हिशोब त्यावर असतो आणि तो वर्षभर तरी टाकायचा नाही असा त्यांचा नियम. दुधाच्या आकड्यांच्या शेजारी, चौकटीच्या कोपऱ्यात, काही तारखांना बारीक ‘ओ’. मला इतकी वर्षं वाटत होतं की ते ओव्याच्या काढ्याचं काहीतरी असेल.

‘ओ’ म्हणजे ओल.

जेवणाची ताटं तशीच ठेवून मी दोन वर्षांचे ‘ओ’ वहीत उतरवले. सवयच आहे, आकडे दिसले की रकाने पाडायचे. जुलै-ऑगस्टमध्ये आहेत, पण फेब्रुवारीत आहेत, मार्चमध्ये आहेत, एप्रिलमध्ये तर आठवड्याला दोन-तीन. आणि यंदाच्या मे महिन्यात ५ तारखेपासून २६पर्यंत एकही नाही. त्या तीन आठवड्यांत शेवटी शेवटी वळवाचा चांगला पाऊस झाला होता, तरी नाही.

मे महिन्यात वरच्या मजल्यावरचे शेजारी, काका-काकू, गावी होते.

नवरा म्हणाला, "आई, हे आधी का नाही सांगितलंस?"
"तीनदा सांगितलं. एकदा तू मोबाइलवर होतास, एकदा हिचं ऑडिट होतं. तिसऱ्यांदा रंगारी आला होता, तो म्हणाला पाऊस."

सोमवार, २२ सप्टेंबर

घटस्थापना. आता काम सुरू करायला हरकत नाही. आजपासून सिमेंटवरचा जीएसटी २८वरून १८ टक्के. आम्हाला लागणार एक गोणी, त्यामुळे बचत चहापुरतीच, पण मुहूर्त बरा वाटला.

रात्री नऊला काकांकडे गेलो, आईंना पुढे घालून. काका रेल्वेतून निवृत्त, स्वभाव सरळ, पण "आमच्याकडे तर कोरडं ठणठणीत आहे" यावर ठाम. खरंच आहे ते. गळती वरच्याला कधीच दिसत नाही.

मी उपविधींचा विषय काढला. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत हे लिहिलेलं आहे: गच्ची आणि बाहेरच्या भिंतींतून होणारी गळती संस्थेच्या खर्चाने, आणि संडास, सिंक वगैरेंतून आतल्या आत होणारी गळती त्या त्या सदनिकाधारकाच्या खर्चाने, संस्थेशी बोलून. काकांचा चेहरा बदलला. आमच्या भिंतीबाहेरून इमारतीचे सांडपाण्याचे पाइप उतरतात, तेव्हा दोष त्यांच्यातही असू शकतो, आणि मग तो संस्थेचा. काकांनी लगेच ती बाजू धरली.

आई काकूंना म्हणाल्या, "आधी कुठून येतंय ते बघू. पैशाचं पुरुषांना बोलू दे." पैशाचं मीच बोलत होते, पण गप्प बसले.

मंगळवार, २३ सप्टेंबर

चाचणी आईंनी आणि काकूंनी केली. मी काउंटरच्या मागे होते. जे कळलं ते फोनवरून, तुकड्यातुकड्यांत.

११:१० काकूंच्या न्हाणीघरातली नहाणी, म्हणजे पाणी जायचं भोक, फडक्याने गच्च बंद केली.
११:२० बोटभर पाणी साठवलं, त्यात कपड्यांची नीळ ओतली. किती? "सगळी बाटली."
१२:३० फडकं काढून ते पाणी जाऊ दिलं. वरून आणखी चार बादल्या.
२:०० भिंत ओली. पांढरीच.
४:४५ आईंचा फोटो. अंगठा निम्म्या चौकटीत. उरलेल्या निम्म्यात प्लास्टरच्या भेगेशी जुन्या रुपयाएवढा निळसर डाग, कडेला थोडा गडद.

तो फोटो मी शेजारच्या सहकाऱ्याला दाखवला. त्याला वाटलं आईंना लागलंय.

पाणी साठलेलं असताना डाग नव्हता, सोडल्यावर आला. म्हणजे लाद्यांमधून नाही, नहाणीच्या ट्रॅपच्या (भोकाखालच्या पाणी धरणाऱ्या भांड्याच्या) सांध्यातून. काका रात्री खाली आले, डागावर बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि म्हणाले, "मी प्लंबरला सांगतो." सेक्रेटरींना दोन ओळींचं पत्र दिलं, दोघांच्या सह्या.

शनिवार, २७ सप्टेंबर

चौथा शनिवार, कागदोपत्री सुट्टी. संध्याकाळी सहापर्यंत शाखेत.

वरचं काम झालं. तीस वर्षांचा बिडाचा ट्रॅप, सांध्यात सिमेंट उरलंच नव्हतं. नवा पीव्हीसीचा बसवला, भोवती वॉटरप्रूफिंग, लादी पुन्हा. उद्या आणि परवा पाणी साठवून ठेवायचं, मग वापर सुरू. तोवर काका-काकू आंघोळीला आमच्याकडे. काका सकाळी पावणेसहाला येतात आणि आंघोळ करताना रामरक्षा म्हणतात. मुलगी नववीत आहे, तिला अलार्म लावावा लागत नाही.

रविवार, २८ सप्टेंबर

गवंडीमामा आले. पाच बाय चार फुटांचं प्लास्टर विटेपर्यंत काढलं. दोन घमेली भरून रेताड माती निघाली, मुठीत धरली की भुगा. त्यावर मी तीन दिवाळ्या रंगाचे पैसे घातले. विटांवर लोणा पांढऱ्या बुरशीसारखा फुललेला. तो तारेच्या ब्रशने कोरडाच झाडायचा, धुवायचा नाही. धुतला की पुन्हा आत मुरतो. पाच दिवस पंखा लावून वीट सुकवायची.

बेडरूमचं सामान हॉलमध्ये. हॉलचं सामान कुठे, हा प्रश्न पुढच्या आठवड्याचा.

मंगळवार, ३० सप्टेंबर

क्लोजिंग. घरी रात्री १०:४०. भिंतीकडे बघितलं नाही.

बुधवार, १ ऑक्टोबर

खंडेनवमी. मामा थापी, रंधा आणि ओळंबा आमच्याच घरी ठेवून गेले होते. आईंनी ते धुऊन पाटावर मांडले, हळदकुंकू, झेंडूचं फूल. मामांना फोटो पाठवला. त्यांनी उलट फोन करून आईंना सांगितलं, ओळंब्याच्या दोरीला कुंकू लागू देऊ नका, भिंतीवर रेघ उमटते.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

प्लास्टर झालं, सिमेंट-वाळू एकास चार. आजपासून सात दिवस पाणी मारायचं, दिवसातून तीनदा. सकाळचं मी, दुपारचं आई, रात्रीचं जो आधी घरी येईल तो.

शनिवार, ४ ऑक्टोबर

आजपासून चेकचं क्लिअरिंग बदललं. पूर्वीसारखे गठ्ठ्याने नाही, सकाळी १० ते ४ चेक येतील तसे स्कॅन करून पाठवत राहायचं. चेक ज्या बँकेचा, तिने संध्याकाळी ७पर्यंत होकार किंवा नकार कळवायचा. काहीच कळवलं नाही तर होकार धरला जातो. काउंटरवर दिवसभर एकच प्रश्न: "म्हणजे आज टाकला तर आजच?" घसा बसला.

रविवार, ५ ऑक्टोबर

रंगाचा दिवस. हॉलच्या भिंती खिडकी-दारं वजा करून ४०० चौरस फूट. चांगलं इमल्शन दोन हात धरून लिटरला साधारण ६०-६५ फूट जातं, म्हणजे साडेसहा लिटर. डबे १, ४, १०चे. मशीनवर मिसळलेला रंग दुकानदार परत घेत नाही, तेव्हा दोन चारचे घेणं बरं.

शेड ठरवायला तीन नमुने भिंतीवर दोन-दोन फुटांचे लावले: माझा फिका राखाडी, मुलीचा हिरवट निळा, आईंचा फिका पिवळा, ज्याला त्या "हळदीच्या दुधाचा" म्हणतात. नवऱ्याने मत दिलं नाही. त्याचा अनुभव दांडगा आहे.

माझा राखाडी मी रात्री ट्यूबखाली पसंत केला होता. आज सुट्टी म्हणून दिवसभर त्याच्यासमोर बसले. सकाळी ठीक. दुपारी चारला पश्चिमेचं ऊन आत आलं आणि राखाडी चक्क मातकट गुलाबी झाला, धुतलेल्या तांबड्या फडक्यासारखा. पिवळा मात्र त्याच उन्हात शांत. हे ऊन हॉलमध्ये रोज चार ते सहा असतं. मी सोमवार ते शुक्रवार सव्वाआठला घरात शिरते.

पिवळा घेतला. पण रात्री जुन्या पिवळ्या बल्बखाली तो कढीसारखा दिसतो, तेव्हा बल्ब ४००० केल्विनचे, म्हणजे कमी पिवळ्या उजेडाचे, आणायचे. रंग आईंच्या दुपारचा, दिवे माझ्या रात्रीचे. मुलीला तिच्या कपाटाची आतली बाजू दिली, तिथे हिरवट निळा.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

चार दिवस हॉलमध्ये रंगाऱ्याचा घोडा, बादल्या आणि पॉलिशपेपरची पांढरी धूळ. आम्ही चौघं स्वयंपाकघरात झोपतोय, फ्रिजकडे पाय करून. बेडरूममध्ये सगळं सामान आणि एक ओली भिंत.

अपघात नोंदवते. मंगळवारी दुपारी ३:०५ला रंगाऱ्याचा मेसेज: दाराच्या चौकटीला कोणता ऑइलपेंट? सोबत दोन फोटो. मी पाहिला ७:२०ला, गाडीत, दिवा आणि मुंब्र्याच्या मध्ये कुठेतरी. तोवर पहिला हात झाला होता. गडद चॉकलेटी. फिक्या पिवळ्याला चॉकलेटी चौकट, म्हणजे आमचा हॉल मिठाईच्या दुकानासारखा.

"ताई, उत्तर नाही आलं म्हणून चालेल असं धरलं."

भांडता येईना. दिवसभर मी लोकांना हाच नियम समजावून सांगत होते. चौकट पुन्हा पांढरी, दीड हजार जादा.

तेव्हापासून तो प्रश्न आईंना विचारतो. आई उत्तर देतात आणि मला कळवत नाहीत. काम वेगाने चाललंय.

शनिवार, ११ ऑक्टोबर

दुसरा शनिवार. हॉल पुरा. डब्याच्या झाकणावर शेडचा नंबर आणि तारीख मार्करने लिहिली. दुकानातून लावलेली चिठ्ठी वर्षभरात फिकी पडते. कालनिर्णयाच्या खिळ्याभोवतीची जुनी भोकं लांबीने भरली. मोजली, सतरा. दर वर्षी नवा खिळा कशाला मारत होतो, कुणालाच सांगता येईना.

रविवार, १२ ऑक्टोबर

भांडण. रंगारी म्हणतो, बेडरूमच्या भिंतीला उद्या पुट्टी, परवा प्रायमर, गुरुवारी रंग, शुक्रवारी वसुबारस. त्याचं वेळापत्रक माझ्या वहीशी तंतोतंत जुळतं. अडचण एकच: प्लास्टरला आज नऊ दिवस झाले. पाणी मारणं परवा थांबलं. नवं प्लास्टर २८ दिवस तरी सुकू द्यावं असं पुट्टीच्या गोणीवरच छापलंय, आणि ही वीट आत तीन वर्षं भिजलेली. हात लावला तर अजून गार लागते. वर इमल्शन फासलं की ओल आत कोंडणार, मार्चमध्ये पुन्हा पापड.

तो म्हणतो, दिवाळीत भिंत सिमेंटची ठेवणार का? नवरा म्हणतो, समोर कपाट सरकवू. कपाटामागे हवा खेळणार नाही, म्हणजे तेच.

आई भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "चुना मारा."

त्यांचं माहेर पाटणजवळ. दिवाळीआधी दर वर्षी चुन्याचा हात, मातीच्या भिंतींना, त्या तर कायमच ओलसर. रंगारी थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला चालेल. चुना श्वास घेऊ देतो, ओल बाहेर पडत राहते. फक्त नंतर रंग लावायचा तर सगळा घासून काढावा लागेल, चुन्यावर पुट्टी धरत नाही. ते काम वाढणार. वाढू दे.

बुधवार, १५ ऑक्टोबर

तीन दुकानं फिरून चुन्याची भुकटी मिळाली, स्टेशनजवळच्या जुन्या हार्डवेअरवाल्याकडे. रात्री नऊला प्लास्टिकच्या बादलीत भिजत घातली. डिंक वेगळा भिजवला. आईंच्या सूचना: बादली उघडी ठेवू नका, हात घालू नका, चश्मा लावल्याशिवाय कुंचला धरायचा नाही.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

साडेआठला घरी, पावणेनऊला भिंतीसमोर. चुना फडक्यातून गाळला, डिंकाचं पाणी, मूठभर मीठ, चिमूटभर नीळ. (नवी बाटली. जुनी काकूंच्या नहाणीत गेली.) दुधाहून पातळ. मी म्हटलं फार पातळ आहे, आई म्हणाल्या जाड लावलास तर पोपडा धरेल.

प्लास्टरवर पाण्याचा हबका, मग चुन्याचा हात आडवा. लावताना काहीच दिसत नाही. सिमेंट फक्त अधिक काळं होतं, जणू साधं पाणी फासलंय. दोन वेळा मी आईंकडे वळून बघितलं. त्या पलंगावर बसून वाती वळत होत्या. "बघत बसू नकोस, पुढे जा." साडेदहाला दिवा बंद केला तेव्हा भिंत राखाडीच होती.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

वसुबारस. सकाळी सहाला भिंत पांढरी. मधे मधे ढगाळ, कुंचल्याचे आडवे फराटे दिसतात. संध्याकाळी दुसरा हात दिला, उभा.

पडदे लागले. दोन इंच आखूड आलेत. माप मी फोनवरून सांगितलं होतं.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. काका-काकू फराळाला. काका आधी बेडरूममध्ये जाऊन भिंतीला हात लावून आले, हाताला लागलेली पांढरी भुकटी धोतराला पुसली आणि मग चकली घेतली.

शनिवार, २५ ऑक्टोबर

हिशोब. रंगारी ३९,००० (बेडरूमच्या त्या भिंतीचे ३,००० राखून). गवंडी, वाळू, सिमेंट ४,८००. पडदे ११,२००. दिवे २,१४०. चौकट दुसऱ्यांदा १,५००. चुना आणि डिंक ९०. एकूण ५८,७३०. शिल्लक १६,२७०, त्यातले तीन हजार देणं. वॉटरप्रूफिंगचे दोन हात रद्द.

शनिवार, ८ नोव्हेंबर

दुसरा शनिवार. प्लास्टरला ३६ दिवस. काल सकाळी अकराला आईंनी प्लास्टिक लावलं, आज अकराला मी काढलं. आत-बाहेर कोरडं. ऑक्टोबरच्या पानावर ‘ओ’ नाही, नोव्हेंबरच्याही नाही.

रंगाऱ्याला फोन केला. तो पुढच्या शनिवारी येतो म्हणाला, घासायचे पाचशे जादा. फोन ठेवल्यावर आई म्हणाल्या, एक पावसाळा जाऊ दे की, घाई काय आहे. मग जरा वेळाने: दुपारी त्या भिंतीशी पडलं की खोली थंड वाटते.

दुपारची मला माहिती नाही. रंगाऱ्याला परत फोन करून पुढच्या पावसाळ्यानंतर बघू म्हणून सांगितलं. बेडरूमचा डबा माळ्यावर, झाकण उलटं करून. आता दोन इंच आखूड पडदे घेऊन शिंप्याकडे निघालेय, तो दीडला बंद करतो.